तालमीपुढची शून्यं

जुन्या खेळांबद्दल विचारायला माझ्याकडं अजून अधूनमधून माणसं येतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, की हा म्हातारा एकेकाळी वही घेऊन गावोगाव फिरायचा, कोण काय खेळतं ते लिहून घ्यायचा, ह्याच्याकडं बरंच काही मिळेल. येतात, चहा पितात आणि म्हणतात, पूर्वीचे खेळ किती छान होते, नाही का? मी म्हणतो, नाही. मग त्यांचा चेहरा पडतो. पडू दे. माझ्याकडं सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती काही छान नाही.

आमचं गाव पवनेच्या काठी. त्या वेळी पिंपरी म्हणजे एक स्टेशन आणि आजूबाजूला बाभळी. पन्नास सालानंतर तिकडं कारखाना आला, मुंबई रस्त्यावर ट्रक वाढले, कोकणातली आणि मराठवाड्यातली माणसं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायला लागली. त्यांच्या घरांसाठी जमिनी मोजत मोजत सरकारी माणसं आमच्या गायरानापर्यंत येऊन ठेपली. गायरानाच्या कडेला आमची तालीम होती. आमची म्हणजे गावाची, पण वडील तिथले वस्ताद, म्हणून घरात सगळे आमचीच म्हणायचे. दगडमातीची एक लांबट खोली, आत लाल मातीचा हौद, कोपऱ्यात शेंदराचा मारुती. पोरं पहाटे जोर-बैठका मारायची आणि संध्याकाळी लंगोट लावून हौदात उतरायची.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी मला आठव्या वर्षी एकदा हौदात उतरवलं, घटकाभर बघितलं आणि बाहेर काढून आईला म्हणाले, "ह्याला शाळंत घाल. उगंच माती नासवायला नको." मला वाईट वाटलं नाही, सुटलो असंच वाटलं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तो खरा मातीतला. म्हशीचं दूध तो प्यायचा आणि म्हशीचं शेण मी काढायचो. ह्याचा मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? पण जत्रेत त्यानं कुणाला आसमान दाखवलं, की सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मीच असायचो.

त्या वर्षी चैत्रात नदीपलीकडच्या गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती दादाची लागली. समोर त्याच गावच्या तालमीतला गडी. दोघं एकमेकांना लहानपणापासून ओळखत होते. आदल्या आठवड्यात तो आमच्याकडं जेवून गेला होता आणि आईनं त्याला आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या होत्या. मी फडाच्या कडेला दादाचे कपडे मांडीवर घेऊन बसलो होतो. त्या गड्यानं ढाक मारली, दादा उचलला गेला आणि मानेवर पडला. चांगला डाव होता. त्यात काहीही वावगं नव्हतं, आबांनी स्वतः पंचांना तसं सांगितलं. दादा मात्र उठला नाही. बैलगाडीतून स्टेशनवर, तिथून रेल्वेनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेला. तिसऱ्या दिवशी गेला.

मी रडलो नाही. लोकांना वाटलं, धीराचा आहे. धीर कसला आलाय? पाय मुंग्या येऊन बधिर होतो ना, आपण चिमटा काढतो आणि दुसऱ्याच कुणाला तरी काढल्यासारखा वाटतो, तसं सगळं झालं होतं. जेवायचो, झोपायचो, म्हशीला पाणी दाखवायचो. एकदा आईनं ठेचा वाढला. मी भाकरीबरोबर तो सगळा खाल्ला आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणाली, "आरं, तिखट न्हाई का लागलं?" मी म्हटलं, "न्हाई." तिनं बोटानं चाखून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्याचं की कशाचं, मी विचारलं नाही.

आता आमच्याकडच्या तालमींची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुस्तीत माणूस गेला, तर त्याच्या तालमीचा हौद बंद होतो. माती सारखी करायची, वर उसाचं पाचट पसरायचं, आणि कुणी आत पाय ठेवायचा नाही. ज्या तालमीच्या गड्याच्या हातून ते झालं, त्या तालमीनं नारळ आणि आपल्या हौदातली पाटीभर माती घेऊन यायचं. ती बंद हौदाच्या मातीत मिसळायची. मग ज्याच्या हातून घडलं तो गडी आणि मेलेल्याच्या घरचा एक माणूस, ह्यांनी हौदात उतरून एकमेकांना सलामी द्यायची, मानेला हात घालायचा. तेवढं झालं की दुखवटा निघाला. दुसऱ्या दिवसापासून पोरं खेळायला मोकळी. पण त्यांनी आपणहून यायचं असतं. आपण निरोप पाठवायचा नसतो. बोलावून आणलेल्यांच्या हातून दुखवटा निघत नाही, असं आबा म्हणायचे, आणि आबांच्या आधी त्यांचे वस्ताद म्हणायचे.

आम्ही वाट बघत होतो. ते येत नव्हते.

वैशाखात पुण्याहून एक प्राध्यापक आले. किडकिडीत, डोक्यावर टोपी, हातात छत्री. कारखाना ज्या गावांच्या अंगावर येत होता, त्या गावांत माणसं कामधंदा नसताना काय करतात, काय खेळतात, त्या खेळांचा चालीरीतींशी आणि समाजाशी काय संबंध असतो, ह्याचा अभ्यास ते करत होते. त्यांना गावातलाच कुणी मॅट्रिक झालेला पोरगा हवा होता. सरपंचांनी माझ्याकडं बोट दाखवलं. आई म्हणाली, "जा. घरात भिंतीकडं बघत बसण्यापरीस बरं." मी गेलो.

प्राध्यापकांनी मला एक लांबडी वही दिली. पानावर रकाने आखलेले होते, जागा, वेळ, माणसं किती, काय करतात. आणि एक नियम सांगितला. "जे डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. ऐकीव नको, तुमचं मतही नको. जमेल ना?" मी म्हटलं, जमेल. मला तेवढंच जमण्यासारखं होतं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कारखान्याच्या घरांचा नकाशा जे साहेब करत होते, त्यांनी प्राध्यापकांकडून खेळाच्या जागांची यादी मागितली होती. जिथं माणसं खेळायला येतात ती जागा नकाशातून वगळायची, जिथं कुणी फिरकत नाही ती घ्यायची, असं ठरलं होतं. "म्हणजे तुमच्या वहीला वजन आहे बरं का," ते म्हणाले. मला ते तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी पायपीट सुरू केली. निगडी, ताथवडे, नदीपलीकडं चऱ्होलीपर्यंत, एकदा तर चाकणच्या बाजारालाही जाऊन आलो. प्रत्येक गावात तोच प्रश्न विचारायचा, फावल्या वेळात काय करता? एका म्हाताऱ्यानं मला उलट विचारलं, "तुजा बा काय करतो फावल्या वेळात?" मी पुढच्या घराकडं वळलो. बायका तर पदर तोंडाला लावून हसायच्या. एक म्हणाली, "फावला येळ? त्यो आमच्या मालकांना असतू, त्यांना इचार." रकाने भरताना डोक्याला ताप व्हायचा. भजन हे धार्मिक की करमणूक? आणि भजनाला बसलेला माणूस टाळ हातात धरून झोपला, तर त्याला विश्रांतीत धरायचं का? बैलगाड्यांच्या शर्यतीला गाडा पळवणारा एक आणि बघणारे पाचशे, मग खेळणारे किती? प्राध्यापक अशा शंकांनी खूश व्हायचे. माझी पाठ थोपटायचे. मला काही वाटायचं नाही.

कारखान्यातली माणसं बाभळीखाली पत्ते कुटत बसायची. एक कोकणातला होता, तो पत्ते हातात धरून नुसताच बसायचा, खेळायचा नाही. मी विचारलं, तुम्ही काय करता असं लिहू? तो म्हणाला, "लिहा, गावाची आठवण काढतो." त्याला रकाना नव्हता. मी "बसून" असं लिहिलं.

आणि आठवड्यातून तीनदा संध्याकाळी मला आमच्या तालमीसमोर बसावं लागायचं, कारण तीही यादीत होती. समोर एक दगड होता, त्यावर बसायचो. पोरं कट्ट्यावर हाताची घडी घालून उभी राहायची, आत जायची नाहीत, थोड्या वेळानं एकेक करून घरी निघून जायची. दिवस मावळायला आबा यायचे, मारुतीला दिवा लावायचे आणि परत जायचे. दिवा लावायला आलेला माणूस खेळायला आलेला नसतो, म्हणून तो मोजायचा नाही. मी वेळ लिहायचो आणि माणसांच्या रकान्यात शून्य काढायचो. आबा माझ्या शेजारून जायचे. काय लिहितोस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. वस्तादाचा पोरगा आहे, नीटच लिहीत असेल, असं त्यांना वाटत असणार.

शून्याच्या पुढं एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? दुखवटा आहे म्हणून बंद, एवढीच ओळ. नियम डोळ्यांना दिसेल ते लिहायचा होता हे खरं. पण चऱ्होलीच्या पानावर मी पाऊस होता म्हणून कुणी आलं नाही असं लिहिलंच होतं की. तेव्हा नियमाची ढाल पुढं करण्यात अर्थ नाही. ती ओळ लिहायची म्हणजे माझा भाऊ मेला हे माझ्या अक्षरात कागदावर आलं असतं. मी ते तोंडानंही अजून कुणाला म्हटलं नव्हतं. हात तिथवर जायचा आणि थांबायचा. दुखत नव्हतं, काही नाही. नुसता थांबायचा.

भाद्रपदात नदीचं पाणी उतरल्यावर मी पलीकडच्या गावात गेलो. त्यांची तालीमही यादीत होती. तीच ती तालीम. मी दारात उभा राहून मोजलं. सोळा गडी हौदात होते. मला बघून त्यांच्या माना खाली गेल्या, खेळ थांबला. मी म्हटलं, "चालू द्या, मी मोजायला आलोय." हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे. ते बिचारे पुन्हा खेळायला लागले, पण एकमेकांना हात लावल्यासारखं करत होते, बस.

दादाला पाडणारा गडी हौदात नव्हता. तो बाहेर भिंतीला टेकून धोतर नेसून बसला होता. चैत्रात दांडगा होता, आता खांद्याची हाडं दिसत होती. मी सतरावा आकडा लिहावा का नाही ह्या विचारात होतो, तेवढ्यात तो उठून माझ्यामागं आला. वेशीपर्यंत तसाच चालला. मग म्हणाला, "भाऊ, एक इचारू?"

मी थांबलो.

"आमी आलो तर वस्तादांना चालंल का? रीत म्हाईत हाय रं. पन आमचे म्हातारे म्हन्त्यात, पोराचा जीव घेतला आन वर नारळ घेऊन कुठल्या तोंडानं जायाचं? त्यांनी दारातून हाकललं तर? मला हाकललं तरी चालंल. पन म्हाताऱ्यांना कुनी काय बोललं तर मला सोसायचं न्हाई. तू फकस्त एवढं सांग, वस्ताद वाट बघत्यात का?"

आबा वाट बघत होते. रोज दिवा लावून झाला की तालमीच्या दारात उभं राहून नदीच्या वाटेकडं बघायचे. मी ते आठवड्यातून तीनदा डोळ्यांनी बघत होतो. व्हय, एवढं म्हटलं असतं तर तो त्याच पावली पळत जाऊन सगळ्यांना घेऊन आला असता. मी निरोप नेलेला नव्हता, त्यानं आपणहून विचारलं होतं, रीत कुठंही मोडत नव्हती.

मी त्याच्याकडं बघितलं. त्याचे हात बघितले. आणि म्हटलं, "मला काय म्हाईत न्हाई."

तो म्हणाला, "बरं." आणि परत फिरला. मी नदीच्या वाटेला लागलो. सोळाच लिहिले.

तेव्हा त्याचा राग आला होता का, असं मला पुढं बायकोनं एकदा विचारलं. राग आला असता तर किती बरं झालं असतं. चार शिव्या हासडल्या असत्या, एखादा दगड उचलला असता, तरी मामला तिथं मिटला असता. मला वाटतं, मला फक्त चालत राहायचं होतं. त्याला व्हय म्हटलं, की पुढं ते सगळे येणार, नारळ फुटणार, आणि घरचा एक माणूस हौदात उतरवायचा तर आबा मला उतरवणार. मग त्यानं माझ्या मानेला हात घातला असता. आणि मग दादा खरंच गेला असता. एवढं सगळं मी तेव्हा जुळवलं होतं असं नाही, पण असंच काहीतरी असणार.

आश्विन लागताच प्राध्यापक वह्या न्यायला आले. स्टेशनासमोरच्या हॉटेलात बसून त्यांनी पानं उलटली. आमच्या तालमीच्या पानावर थांबले. "ही सगळी शून्यंच आहेत. काही कारण?"

"कुणी येत नाही."

"ते दिसतंय. पण का येत नाही?"

मी म्हटलं, "पोरं कारखान्यात लागली."

आमच्या तालमीतली दोन पोरं लागली होती, म्हणजे अगदी खोटं नव्हतं. पण प्राध्यापकांना जे सिद्ध करायचं होतं ते नेमकं हेच. कारखाना आला की जुने खेळ मरतात. त्यांचे डोळे चमकले. तरी माणूस सज्जन होता, त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना? तुमच्याच गावची आहे म्हणून विचारतो. जागा जाईल."

"नक्की," मी म्हटलं. चहा थंड झाला होता, तो प्यायलो.

पुढं त्यांचा अहवाल छापून आला. त्यात आमच्या गावातली कुस्तीची परंपरा संपत आल्याचं लिहिलं होतं. मोठमोठ्या लोकांनी तो वाचला असेल. पाच महिने अख्ख्या गावातला एकही पोरगा हौदात उतरला नाही, कट्ट्यावर उभा राहून तडफडला पण उतरला नाही. खेळाचं समाजात काय स्थान असतं ते ह्याहून जास्त कुठं दिसणार होतं? त्या सगळ्या वहीत अभ्यास करण्यासारखं काही असेल तर ती शून्यं होती. आणि ती कशाची आहेत हे फक्त मला माहीत होतं.

वह्या गेल्यावर पंधरा दिवसांत नकाशावाले साहेब जीपमधून आले. सरपंच, आबा आणि चार माणसं चावडीत बसली. मी दाराशी उभा होतो. साहेबांनी विचारलं, "तालीम वापरात आहे का?" सरपंचांनी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "बंद हाय. पन मोडल्याली न्हाई."

"म्हणजे काय?"

परक्या माणसापुढं दुखवट्याचं गाऱ्हाणं गाऊन जागा सोडवून घ्यायची, हे आबांच्या रक्तात नव्हतं. आणि तालीम चालू आहे असं ठोकून द्यायचं, तर ते खोटं झालं असतं. आबा खोटं बोलायचे नाहीत. एकदा बैल विकताना त्याचा एक पाय अधू आहे असं गिऱ्हाइकानं न विचारता सांगून बसले होते, आणि आई त्यांच्याशी आठ दिवस बोलली नव्हती.

साहेबांनी फायलीतून कागद काढला. "आमच्या नोंदीप्रमाणे पाच महिन्यांत इथं एकही माणूस आलेला नाही. ही तुमच्याच गावच्या मुलानं केलेली नोंद आहे." कागद फिरला. आबांना वाचता फारसं येत नव्हतं, पण माझं अक्षर त्यांना ओळखता यायचं.

घरी आल्यावर हातपाय धुता धुता त्यांनी विचारलं, "त्यात लिवलं न्हाईस व्हय, का बंद हाय ते?"

"त्यात रकाना नव्हता," मी म्हटलं.

"बरं," आबा म्हणाले आणि जेवायला बसले. मला पाटावर बसायला सांगितलं. आईनं दोघांना वाढलं.

मारुती देवळात नेला. तालीम पाडायला एक दिवस पुरला. जागा सपाट करून कारखान्याच्या कामगारांसाठी खेळाचं मैदान केलं, दोन खांब रोवले, जाळी बांधली. आमच्या हौदाची माती त्या मैदानावरच पसरली गेली. शिफ्ट सुटली की माणसं यायची आणि व्हॉलीबॉल खेळायची. चांगली माणसं होती, त्यांचा काय दोष? प्राध्यापकांनी मला कळवलं, नवीन मैदानाचीही नोंद ठेवा. मी जाऊन त्याच दगडावर बसलो. पहिल्या दिवशी बारा माणसं होती. मी बारा लिहिलं.

दिवाळी झाली. दादाशिवायची पहिली दिवाळी. तिच्या पुढच्या शनिवारी सकाळी नदीच्या वाटेनं दहा-अकरा माणसं आली. पुढं त्यांचे म्हातारे वस्ताद, मागं तो गडी, डोक्यावर लाल मातीची पाटी. ते सरळ तालमीच्या जागेवर गेले. तिथं त्यांना खांब आणि जाळी दिसली. ते तसेच उभे राहिले, इकडंतिकडं बघत, जणू आपणच वाट चुकलो. शेवटी कुणीतरी त्यांना आमच्या घरी आणलं.

आबा गोठ्यातून बाहेर आले. पलीकडच्या वस्तादांनी टोपी काढली. "उशीर केला आमी. म्हटलं, पयला सण होऊ द्यावा, मग जावं. मनात भ्या होतं. तालीम कवा गेली?"

"झालं तीन आठवडं," आबा म्हणाले.

गड्यानं पाटी अंगणात ठेवली. तिथंच खाली बसला. म्हणाला, "वस्ताद, मी तवाच येनार हुतो. भादव्यात. तुमच्या धाकल्याला वेशीत इचारलं बी, वस्ताद वाट बघत्यात का म्हनून. त्यो म्हनला, म्हाईत न्हाई. मला वाटलं, घरचंच मानूस हाय, बोलंना म्हंजी तुमचीच मर्जी न्हाई. म्हनून थांबलो."

आई दारात होती. आबांनी माझ्याकडं बघितलं. "इचारलं व्हतं?"

"व्हय."

"आन तू सांगितलं न्हाईस?"

"न्हाई."

मला वाटलं, आता मारतील. मारायला हवं होतं. आबांनी कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि गोठ्यापुढची जमीन उकरायला लागले. पलीकडचे वस्ताद मदतीला वाकले. दोघा म्हाताऱ्यांनी चार हात जागा भुसभुशीत केली आणि पाटीतली माती तिच्यात मिसळली. नारळ फोडला. आबा मला म्हणाले, "सदरा काढ."

मी काढला. आयुष्यात दुसऱ्यांदा मातीत उभा राहिलो. तो गडी समोर आला, माती कपाळाला लावली, माझा हात हातात घेतला. सलामी झाली. मग त्यानं माझ्या मानेला हात घातला. अगदी हलका, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि मला तो लागला. चैत्रापासून मला काहीच लागलं नव्हतं, तो हात लागला.

मी त्याची मान धरली ती सोडलीच नाही. दोन्ही हातांनी आवळली. आधी सगळ्यांना वाटलं, मी खेळतोय. मग त्यांना माझा आवाज ऐकू आला असेल. माझ्या तोंडून दादाची हाक निघत होती, पुन्हा पुन्हा, आणि ती मला थांबवता येत नव्हती. तोही रडत होता, पण मान सोडवून घेत नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला तरी हलला नाही, उभा राहिला.

शेवटी आबा आले. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. मग माझं डोकं आपल्या छातीशी धरलं, जे त्यांनी मी पाळण्यात होतो त्यानंतर कधी केलं नव्हतं, आणि हळूच म्हणाले, "उगी. ह्याची कायबी चूक न्हाई. आन तुजीबी न्हाई."

माझ्या ऐकण्यात आबा खोटं बोलले ते तेवढं एकदाच.